मंगळवार-शुक्रवारची जीप

फुलसिंगच्या जीपला सकाळी उठायचा कंटाळा येतो, अशी आमच्या तांड्यावर थट्टा चालायची. थट्टा करायला माणसं होती तोवर ठीक होतं. दिवाळी झाली आणि दरवर्षीसारखा तांडा ऊसतोडीला गेला. फुलसिंगचा मुलगा बादलही बायको-पोरं घेऊन गेला. मागे आम्ही म्हातारे उरलो. जीपला धक्का मारायचा दम आमच्यातल्या एकातही नाही, मी तर दमेकरीच.

धक्क्याची काळजी एवढ्यासाठी, की फुलसिंगच्या बायकोच्या, रुपाबाईच्या, किडन्या निकामी झाल्यात. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला वाशिमला डायलिसिसला न्यावंच लागतं. उजाडताच निघालं तर नंबर लागतो. एक खेप चुकली की पाय सुजतात. जास्त चुकल्या तर काय होईल, ते डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलंय. आणि नेमक्या त्याच सकाळी जीप कण्हत बसायची. सेल्फ मारला की इंजिन जड जड फिरायचं, थांबायचं, पुन्हा कसंबसं फिरायचं. रुपाबाई शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसलेली असायची. गाडी सुरू झाली तरी तिचा चेहरा काही उजळायचा नाही.

फुलसिंग चिकाटीचा माणूस. त्याने आधी डिझेलचा फिल्टर बदलला, मग हीटर प्लग बदलले, मग सेल्फ खोलून नीट करून घेतला. दर वेळी वाटायचं, आता दुखणं सापडलं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. शेवटी मानोऱ्याच्या गोविंदसिंग मिस्त्रीने बॅटरीला मीटर लावला आणि सांगितलं की इंजिन ठणठणीत आहे, रात्री कुणीतरी बॅटरी उतरवतंय, नवी टाकली तरी तिचीही हीच गत होईल.

बॅटरी उतरवणारं एकच होतं, झटका मशीन. गेलेल्यांची पिकं मागे राहिलेल्यांनी राखायची, हे आमच्यात कुणी कुणाला सांगत नाही. बादलचा हरभरा फुलसिंगच्या घरामागेच. रानडुकरांसाठी भोवती तार ओढलेली, तारेला झटका मशीन. मशीनची स्वतःची बॅटरी मेल्यापासून ते जीपच्या बॅटरीवर चालायचं. बोनेट उचलून दोन चिमटे लावले की झालं. पण सोमवारी आणि गुरुवारी फुलसिंग दुपारी गाडी फिरवून बॅटरी भरायचा आणि रात्री चिमटे काढून ठेवायचा. त्या रात्री तो स्वतः पत्र्याचा डबा बडवत शेतात बसायचा. मग उतरवतंय कोण?

मिस्त्रीकडून परतल्यावर त्याने माझ्यादेखत बोनेट उचललं. बॅटरीच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा आरसा पडला होता, ओढणीवर लावतात तसला. तो तळहातावर घेऊन फुलसिंग रुपाबाईपुढे उभा राहिला.

"माह्याच ओढणीचा हाये," ती म्हणाली. "तुह्या डब्याचा आवाज बंद पडला का मी येऊन चिमटे लावते, अन् उजाडाच्या आत काढून ठेवते. तुले झोप लागली, मंग पीक कोण राखीन? लेकरं तिकडं ऊस तोडून राह्यले." मग हळूच म्हणाली, "अन् एखाद्या दिशी गाडी नाही उठली, तर मले बी घरी पडू दे ना. थकली मी आता."

मी त्यांच्याच ओट्यावर बसलो होतो. तिथून उठून जावं असं मला फार वाटलं. फुलसिंगने आरसा खिशात टाकला आणि बोनेट लावून घेतलं.

गुरुवारी दिवसाउजेडी त्याने झटका मशीन खांबावरून उतरवलं आणि माझ्या घरात आणून ठेवलं. वर डबाही ठेवला. आज झोपणार, एवढंच म्हणाला.

शुक्रवारी जीप पहिल्याच सेल्फला उठली. मी त्यांना वाटेला लावायला गेलो, तर घरामागे हरभऱ्याचा पार चिखल. डुकरांनी घाटे खाल्ले होते, झाडं मुळासकट उपटली होती. रुपाबाई जीपमध्ये बसून एकटक तिकडेच बघत होती.

"बादल आल्यावर त्याले काय सांगशीन?" तिने विचारलं.

"सांगीन का दोन्ही राखाची ताकद नोयती माह्यात," फुलसिंग म्हणाला. "एक राखलं."

रुपाबाईच्या बाजूचं दार अजून उघडंच होतं. ते लावायला मी पुढे झालो, तोवर तिने स्वतःच ओढून घेतलं.