नाव घे

हळदीकुंकवाला मी हात पुढे केला, बांगड्या मागे सरल्या आणि मनगटावरचे निळे वळ उघडे पडले. अत्तर लावणाऱ्या पाहुण्या मॅडमचं बोट थांबलं. त्यांनी वळ पाहिले. मग माझ्या बांगड्या अलगद पुढे ओढून ते झाकले, हातात वाण ठेवलं आणि हसून म्हणाल्या, "काळजी घे हं."

थोड्या वेळापूर्वी याच बाईंनी माईकवर कौटुंबिक हिंसाचारावर भाषण ठोकलं होतं. सहन करू नका, बोला, म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मनगट ठणकत होतं, तरी मीही वाजवल्या.

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीच्या पटांगणात मंडळाचा कार्यक्रम होता. मागे बॅनर. बॅनरवर हात जोडून उभा माझा नवरा. महेशदादा. कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाला हॉस्पिटलात बेड मिळेना, की दादा धावतो. गल्ली त्याला देव मानते. देवाच्या बायकोने तक्रार करायची कुणाकडे?

सकाळी मी एवढंच म्हटलं होतं, "उखाणा दुसऱ्या कुणाला घेऊ दे. मला स्टेजवर नको."

त्याने उठून दार लावलं. चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. आमचं लागलं की अख्ख्या मजल्याला कळतं, आणि टीव्ही मोठे होतात. सासू मोरीत भांडी घासत होती. तिने नळ मोठा सोडला.

"नवऱ्याचं नाव घ्यायला लाज वाटते?" म्हणत त्याने माझं मनगट पिरगाळलं. एका खोलीत पळणार कुठे? कपाटाला पाठ लावून उभी राहिले. घेते म्हणाले, तेव्हा सोडलं.

संध्याकाळी पहिला मान दादांच्या बायकोला. "नाव घे, नाव घे!" बायकांचा गलका. तो मांडवाच्या खांबाला टेकून बघत होता. मी घेतलं.

"हलव्याच्या दागिन्यांना काळ्या साडीची साथ, महेशरावांनी धरलाय माझा जन्मभरासाठी हात."

हशा. शिट्ट्या. हात धरलाय खरा. खुणा बांगड्यांखाली होत्या. मला माझ्याच तोंडाची किळस आली. आणि त्यानंतर ते अत्तर, ते "काळजी घे हं."

वाण घेऊन मी वर आले. गॅलरीत शेजारची काकी बसली होती. विधवा, म्हणून तिला खाली बोलावणं नव्हतं. तिच्या आणि आमच्या खोलीत एकच भिंत. तिने माझा हात ओढला आणि बांगड्या मागे सारल्या.

"कोणी मारल्यान गो?"

"पडले, काकी."

"पडलंस? मगाशी माईकवर नाव घेतलंस मां? आता घे. कोणी मारल्यान?"

लोकांच्या बारशाला, पूजेला, डोहाळजेवणाला मी त्याचं नाव घेतलं होतं. कुणी सांगितलं की घ्यायचं, हसून, लाजून. असं कधीच घेतलं नव्हतं.

"महेशने."

राव नाही, दादा नाही.

"मोठ्यान सांग."

मी मोठ्याने सांगितलं. गॅलरीतून परतणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. तो जिना चढून येत होता, त्यानेही ऐकलं. "आत चल," एवढंच म्हणाला. काकी उठली आणि आमच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. ती बसली होती तोवर दार लागणार नव्हतं.

मी आत गेले नाही. पोलीस चौकीवर गेले.

"दादांच्या मिसेस ना तुम्ही? घरातलं घरात मिटवा."

मी नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. ते लिहून घेईपर्यंत सांगत राहिले.

सुटले म्हणाल, तर नाही. आता काकीच्या खोलीत राहते. भिंतीपलीकडे त्याचा खोकला ऐकू येतो. नळावर बायका गप्प होतात. जिन्यात मंडळाची पोरं अडवतात, "वहिनी, दादांचं नाव खराब होतंय." मारलं त्याने, नाव खराब केलं मी! माहेरी कोकणात भाऊ फोन उचलत नाही. कोर्टाची तारीख पुढे जाते. भीती वाटते. अजूनही संडासला जाताना मागे वळून बघते.

पण आता मजल्यावर दिवसा कुणाचं दार लागलं, की काकी आणि मी जाऊन ते वाजवतो. उघडेपर्यंत वाजवतो. शिव्या खातो, हलत नाही. हल्ली आणखी दोघीतिघी येतात, आपापले टीव्ही बंद करून. आत जी असते तिला बाहेर आमच्यात बसवतो. नवरा सोड, केस कर, असलं लगेच काही म्हणत नाही. बांगड्या मागे सारतो आणि विचारतो, कोणी मारलं? नाव घे. काही जणी पडले म्हणतात. आम्ही पुन्हा जातो.

वर्षाने पुन्हा संक्रांत आली. पटांगणात पुन्हा बॅनर लागलाय, तोच हात जोडून. मंडळाकडून निरोप आलाय की झालं गेलं विसरून वहिनींनी यावं, पहिला उखाणा त्यांचाच.

जाणार आहे. काकीला घेऊन जाणार आहे. माईक हातात आला की नाव घेणार आहे, आडनावासकट. यमक जुळवणार नाही.