अकरा किलोमीटरवरचे काका

जपानमधल्या कावासाकीत नदीकाठच्या मैदानावर रविवारी एक वेगळाच फुटबॉल चालतो. चेंडू हातात घेऊन पळायचं, चार पावलांनी आपटायचा किंवा पायावर उडवून परत झेलायचा. हा खेळ आयर्लंडचा. एकदा मी सायकलवरून जात असताना चेंडू माझ्यापुढे आला, मी तो लाथेने परत पाठवला आणि तीन वर्षं झाली, मी त्या संघात आहे. पुण्यात कधी कबड्डीसुद्धा न खेळलेली मी!

आमचा कोच पन्नाशीचा, इथे शाळेत इंग्रजी शिकवतो. त्याचं गाव आयर्लंडच्या सीमेलगत. एका बाजूला आयर्लंड, शेतं ओलांडली की ब्रिटनच्या ताब्यातला भाग. त्याच्या आजोबांनी याच खेळासाठी काढलेल्या गावच्या क्लबचा इतिहास छापायचा होता. जुन्या इतिवृत्ताच्या वह्या स्कॅन होऊन आल्या होत्या. सूची करून द्यायचं काम मी आपणहून घेतलं.

त्या रविवारी सरावानंतर आम्ही स्टेशनजवळच्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये बसलो होतो. मी लॅपटॉप उघडून सहज विचारलं, "तुझ्या आडनावाच्या एकाला क्लबातून काढलं होतं. हा कोण?"

"दाखव."

ठराव तीन ओळींचा होता. अमुक सभासद सीमेपलीकडच्या पोलिसांत भरती झाला, सबब त्याला क्लबातून काढण्यात येत आहे. ब्रिटिशांच्या पोलिसांत गेलेल्याला क्लबात जागा नाही, तेव्हा नियमच तसा होता. खाली सूचकाचं नाव.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे माझे काका. आणि सूचक माझे वडील."

"काका कुठे असतात?"

"ऑस्ट्रेलियात वारले, मी जन्मायच्या आधी. लहानपणी दर नाताळात मी चर्चमध्ये त्यांच्यासाठी मेणबत्ती लावायचो." मग स्वतःशीच म्हणाला, "पोलिसांत? आमच्या घरातला?"

तिकडे सकाळ होती. त्याने तिथूनच आईला फोन लावला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी उठायला लागले तर त्याने हातानेच बस म्हटलं. दोन-तीन वाक्यं बोलला, मग नुसतं ऐकत राहिला. फोन ठेवून त्याने मेन्यूकार्ड मिटवून बाजूला सारलं.

"ते जिवंत आहेत," तो म्हणाला. "निवृत्त झाल्यापासून पलीकडच्या गावात राहतात. आमच्या घरापासून अकरा किलोमीटर."

घरून ऑफिसला मी रोज याहून लांब जाते. मेणबत्ती लावणाऱ्या त्या पोराशेजारी त्याची आई उभी असणार, सगळं माहीत असून. "कॉफी आणू?" मी विचारलं. तेही इतकं खुळ्यासारखं की अजून लाज वाटते.

"आई म्हणते, काका कुठे आहेत हे कळलं असतं तर ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्यांपैकी कोणीतरी त्यांना मारलं असतं. बरं, तेव्हाचं तेव्हा. पण नंतर? म्हणते, नंतर सांगायचं राहून गेलं."

राहून गेलं! घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, तर तोही म्हणाला, "राहून गेलं?"

उन्हाळी सुट्टीत कोच गावी गेला आणि काकांना भेटून आला. परतल्यावर पहिल्याच सरावाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी त्यांना विचारलं, सख्ख्या भावानेच तुमच्याविरुद्ध ठराव मांडला, राग नाही आला?"

"मग?"

"ते म्हणाले, मीच त्याला मांडायला लावला. दुसऱ्या कोणी मांडला असता तर घरचे माझ्याच बाजूचे आहेत असं धरून गावाने घरावर दगड टाकले असते. तो तयार नव्हता. आदल्या संध्याकाळी गोठ्यात दोघं रडलो आणि मग मी निघालो. भाऊ पुन्हा दिसलाच नाही."

मी कित्येक आठवडे त्या न पाहिलेल्या वडिलांना मनात शिव्या घातल्या होत्या.

काकांच्या सांगण्यावरून ठराव पुस्तकात जसाच्या तसा छापला. खाली त्यांनी सांगितलेलं एकच वाक्य आहे, ते मीच टाइप केलं: "ठराव माझ्या विनंतीवरून मांडला गेला." टाइप करताना दोनदा चुकलं. कोच आता आईशी बोलतो, पण पूर्वीसारखं नाही. काकांना मात्र दर रविवारी फोन करतो आणि आमचा स्कोअर सांगतो.