दादाचा लांब सूर

त्या दिवशी सकाळी दादा अंघोळ करून आला तो भिंतीला धरून. धाप एवढी लागलेली की शर्टाची बटणं वहिनीने लावली. ती म्हणत होती, आज आधी दवाखाना, मग तुमचं ते वाजवणं. दादा म्हणाला, "अगं, आज वाजू दे. उद्या तू सांगशील त्या खाटेवर जाऊन झोपतो."

डॉक्टरांनी तर आधीच सांगितलं होतं, हृदय थकलंय, भरती व्हा. पण आमच्या दादाने ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. तसंही डाव्या कानाने त्याला ऐकू येतच नव्हतं. उभं तारुण्य त्याने रॉक बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवली, आपल्यापेक्षा उंच स्पीकरला पाठ टेकून. मग बँड फुटला, कान गेला, आणि स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात बसल्या बसल्या हा बाबा म्हणायला लागला, आता मी ऑर्केस्ट्रासाठी लिहिणार. आम्हाला वाटलं सिनेमाची गाणी. वहिनी तर खूश, म्हणाली चला, चार पैसे येतील घरात. कसले येतात. याचा ऑर्केस्ट्रा म्हणजे काळे कपडे घालून माणसं ओळीने बसतात, ढीगभर व्हायोलिनं, बासऱ्या, पितळेचे हे मोठाले कर्णे, तो.

चाळिशी उलटल्यावर नोटेशन शिकला. जुन्या कॉम्प्युटरवर एकेक सूर टिपत बसायचा. वहिनी शिलाईच्या कारखान्यातून पाय ओढत घरी यायची, की हा तिच्या कानाला हेडफोन लावायचा, ऐक ऐक. ती म्हणायची छान आहे हो, पण दूध उतू गेलं तिकडे. तो म्हणायचा, हे खोटं आहे, मशीनचं. माणसांनी वाजवलेलं एकदा ऐकायचंय, उजवा कान आहे तोवर. एकदाच.

शहरातला ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या सरांमागे लागून लागून शेवटी त्यांनी हो म्हटलं. तालीम संपता संपता अर्धा तास देतो म्हणाले. तो अर्धा तास त्या दिवशी होता, म्हणून हा सगळा हट्ट.

हॉलमध्ये वहिनी मागच्या खुर्चीत त्याचा हात धरून बसली. हात गार पडलेला. सरांनी काठी उचलली, व्हायोलिनं सुरू झाली, दादाने उजवा कान पुढे केला. वहिनी सांगते, त्याचा चेहरा असा काही झाला की तिला वाटलं, गेलं सगळं दुखणं. मग क्लॅरिनेटचा सूर आला. लांब, ताणलेला, संपायचं नावच घेईना. क्लॅरिनेटवाला लाल झाला, मग जांभळा झाला आणि फुस्सकन थांबला. शेजारच्या बासरीवाल्यांचाही दम तुटला.

"साहेब," तो धापा टाकत म्हणाला, "फुप्फुसं दोनच आहेत हो मला."

सगळे हसले. दादाही हसला.

चूक साधी होती. इलेक्ट्रिक गिटार स्पीकरसमोर धरली की सूर हवा तेवढा वेळ गुंगुं करत राहतो, बोट उचलेपर्यंत. कॉम्प्युटरचंही तेच, त्याला कुठे दम लागतो. दादाचा जन्म त्यात गेलेला. फुंकणाऱ्या माणसाला मधे श्वास घ्यावा लागतो हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. फुंकायचं जे जे वाद्य होतं त्याला त्याने असंच लिहून ठेवलेलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकलं, आणि वेळ संपली. सर तसे भले माणूस. म्हणाले, श्वासाच्या खुणा करून आणा, पुढे कधीतरी बघू.

पुढे कधीतरी.

दादाने सगळ्यांचे कागद गोळा केले, दाराबाहेरच्या बाकावर बसला आणि पेन्सिल काढली. वहिनी म्हणाली घरी चला, मी टॅक्सी बघते.

"तू बघ," तो म्हणाला, "तोवर या क्लॅरिनेटवाल्याचा जीव सोडवतो. मरायचा बिचारा माझ्यापायी."

हे शेवटचं बोलणं. ती टॅक्सी घेऊन आली तर याची मान खाली, पेन्सिल बोटांत, कागद मांडीवर. तिला वाटलं लिहितोय. टॅक्सीवाल्याला म्हणालीसुद्धा, जरा थांबा हं, त्यांचं काम चाललंय.

नंतर ती कुणाशी भांडली नाही. भांडली ती स्वतःशी. ओढत दवाखान्यात नेलं असतं तर जगला असता. पण मग जेवढं ऐकलं तेवढंही ऐकायला मिळालं नसतं. अजून ती तिथेच अडकलीय, ना इकडे ना तिकडे.

मग एका दुपारी क्लॅरिनेटवाला दारात उभा. एरवी बँकेत कारकून आहे, सुट्टी टाकून आलेला. खाली बघत म्हणाला, ताई, त्या दिवशी मी चेष्टा केली. वहिनी म्हणाली, तेही हसले होते की. मग तिने दादाने खुणा केलेला क्लॅरिनेटचा कागद काढून दिला आणि म्हणाली, वाजवा.

खुणा निम्म्यापर्यंतच होत्या. तिथवर त्याने दादाने सांगितल्या जागी श्वास घेतला, पुढे जमेल तिथे. नुसते लांब लांब सूर. चाल म्हणून काही नाही.

"हेच का ते?" वहिनीने विचारलं.

"माझं एवढंच आहे ताई. चाल व्हायोलिनांकडे. मी खालून धरून ठेवतो नुसतं."

"मग सगळं कधी वाजवणार?"

यंदाचे कार्यक्रम ठरून गेलेत, म्हणाला, सरांशी बोललो, पुन्हा बोलेन.

वहिनीने कागद त्याच्यापुढे सरळ केला. मग म्हणाली, "बरं. तुमचं तेवढंच परत वाजवा."

त्याने क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पट्टी ओठांत धरून ओली केली. ओट्यावर मी चहा ठेवला होता, तो खळखळायला लागलेला. वहिनीने उठून गॅस बंद केला आणि परत त्याच्यासमोर येऊन बसली.