शेवटची कॉर्ड

पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या सोसायटीत पंढरीनाथ सात वर्षं हेडफोन लावून पियानो वाजवत होते, आणि त्याला कारण मी. दुपारी दोनला वरच्या मजल्यावरून सूर यायचे आणि माझी झोप मोडायची. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला त्या झोपेचा केवढा माज असतो ते मला विचारा. मी सोसायटीकडे लेखी तक्रार केली. पंढरीनाथ भांडायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले आणि मलाच म्हणाले, "सॉरी हं यतीनभाऊ. हेडफोन आणलाय." भांडले असते तर बरं झालं असतं.

माणूस इथलाच, भाईंदरच्या मिठागरवाल्यांच्या घरातला. लहानपणी उत्तनच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एका मास्तरांकडे सायकलने जाऊन शिकला. बाप म्हणायचा, "यानं काय प्वाट भरनार हाय?" भरलं. मुंबईतल्या एका हॉटेलच्या लॉबीत अठ्ठावीस वर्षं जॅझ वाजवून भरलं. लोक समोर मोबाइलवर ओरडत असायचे, सुटकेसची चाकं खडखडत असायची, आणि हे वाजवत असायचे. मग एके दिवशी हॉटेलने पियानो हलवून तिथे सोफा ठेवला. पियानोवाला कुठे गेला, असं एकाही पाहुण्याने विचारलं नाही म्हणे.

घरी बसल्यावर त्यांनी एक सेकंडहँड डिजिटल पियानो घेतला आणि पुढे हेडफोन लावूनच त्यावर स्वतःची अशी एकच रचना बांधली. संथ बॅलड, बायकोसाठी, उर्मिलावहिनींसाठी. पुढे आमची मैत्री झाली तेव्हा माझ्या जेवणाच्या टेबलावर बोटं ठेवून त्यांनी ती मला समजावली होती.

"डावा हात घराकडे, मूळ सुराकडे निघतो. आता पोचलोच असं वाटतं, तेवढ्यात मी भलतेच तीन-चार सूर एकदम दाबतो, भलतीच कॉर्ड घेतो आणि चाल दुसऱ्या गल्लीत वळते. असं चार वेळा. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागला पाहिजे. मग हात उचलायचे. थांबायचं. आणि शेवटची कॉर्ड, घरची, एकदाच. बाकी सगळं त्या एका कॉर्डसाठी चाललंय."

"वहिनींनी ऐकलीय?"

"कुठून? तिला नुसती बटणांची टकटक ऐकू येते. एकटीने कानात घालून ऐकायची गोष्ट नाही हो ती. चार लोकांत वाजवेन तेव्हा ऐकेल." ते सहज बोलले. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.

यंदा त्यांची बोटं आखडायला लागली. डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका म्हणून सांगितलं. तेव्हा मीच सेक्रेटरी धर्मेशभाईंच्या मागे लागलो आणि सोसायटीच्या वर्धापनदिनात त्यांच्यासाठी दहा मिनिटं मिळवली. पाप फेडायचं होतं, दुसरं काय.

कार्यक्रम संध्याकाळी कंपाउंडमध्ये होता. आमच्याकडे वाजवणाऱ्याचं वाजवून झालं की लगेच शाल आणि नारळ. धर्मेशभाई नारळ घेऊन पहिल्या रांगेत आले. वहिनींच्या कानाशी वाकून म्हणाले, "भाभी, आपको तो मालूम होगा कब खतम होता है. बस इशारा करना, मैं आ जाऊंगा. बच्चों का डान्स बाकी है." वहिनी "हो हो" म्हणाल्या. नवऱ्याची रचना आपण कधी ऐकलीच नाही, हे कुठली बायको चारचौघांत सांगेल? मी शेजारीच बसलो होतो. मी बोलायला हवं होतं.

पंढरीनाथांनी सुरुवात केली आणि कधी नव्हे ते आमचं कंपाउंड गप्प झालं. डावा हात घराकडे निघाला, वळला, पुन्हा निघाला. चौथ्या वळणाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हात उचलले. डोळे मिटून थांबले.

वहिनींनी इशारा केला आणि टाळ्या वाजवत उठून उभ्या राहिल्या. सगळं कंपाउंड उठलं. पंढरीनाथांनी डोळे उघडले तोवर खांद्यावर शाल पडली होती, आणि हवेत थांबलेल्या त्या दोन हातांत धर्मेशभाईंनी नारळ ठेवला. फोटो निघाले. मुलांचं गाणं सुरू झालं. कुणीतरी पियानोची वायर काढली.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला चहाला बोलावलं. चेहरा नुसता फुलला होता. "भाऊजी, मला कसलं टेन्शन आलेलं! यांना रात्री विचारलं, बरोबर वेळेला खूण केली ना मी? म्हणाले, अगदी बरोबर." मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "सकाळी म्हटलं, आता एकदा घरी वाजवा, मोठ्याने, माझ्यासाठी. तर म्हणतात, काल पूर्ण ऐकलंस ना? झालं की मग."

पंढरीनाथ समोर बशीत चहा ओतत होते. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"हो वहिनी," मी म्हणालो, "पूर्णच वाजवली त्यांनी."