पांढऱ्या चाफ्याची फांदी

इब्राहिम गेला. आज चाळीस दिवस झाले.

इतक्या उशिरा लिहितोय, माफ करा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मोबाईल हातात देत नव्हते. हेही नात टाईप करतेय. काही चुकलं तर तिला बोलू नका.

निजामाच्या अमलात मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या दवाखान्यात आमची ओळख झाली. मी हिवतापाचा पेशंट. तो कंपाउंडरच्या परीक्षेला बसलेला, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा.

पांढरं औषध ढवळता ढवळता पाठ करायचा, "अल्बस, अल्बा, अल्बम."

"मंत्र हाय का?"

"लॅटिन हाय बे. पांढरा. डॉक्टरसाब चिठ्ठीत लिहितात. पर एका पांढऱ्याला तीन रूपं कावून? उर्दूत तर एका सफेदातच भागतंय."

मी चौथी शिकलेला. पुढची शाळा उर्दूत, म्हणून सुटली. तरी बोलून गेलो, "पांढरा बैल, पांढरी गाय, पांढरं वासरू. आमी तर रोजच बोलतो."

तो बघतच राहिला. "तू तर लॅटिनचा मास्तर निघालास की!"

पास झाला. जन्मभर चारचौघांत मला मास्तर म्हणायचा. मला धास्ती, कुणी खरंच काही विचारलं तर?

त्याची बायको, हलीमाभाभी, गेल्या तेव्हा म्हणाला, "कबरीपाशी चाफा लावू. अल्बा पायजे, मास्तर."

घाटनांदूरहून फांदी मीच आणली. चाफ्याची फांदी म्हणजे नुसती काठी. रंग कळत नाही. देणाऱ्याला दोनदा विचारलं होतं.

तिसऱ्या वर्षी फुलं आली.

लाल.

मला तोंड दाखवायची लाज वाटली. तो मात्र हसत सुटला.

"ही तर रुब्रा निघाली! आसू दे. तिला लाल ओढणी लई आवडायची. तिनंच बदलून घेतली आसल."

मग म्हणाला, "माझ्या येळेला मात्र अल्बाच. फूल बघून आण."

आता तो तिच्या शेजारी आहे. उशाची जागा मोकळी आहे.

माजलगावला विचारलं, लिंबागणेशला विचारलं. सगळे म्हणतात, पांढराच आहे. तेव्हाही असंच म्हणाले होते.

कुणाच्या दारात पांढरा चाफा असेल, आणि फूल स्वतः पाहिलं असेल, तर सांगा. फांदी आधी आठ दिवस सावलीत सुकवावी लागते. फुलायला दोन-तीन वर्षं. मी ब्याण्णवचा आहे. या खेपेला रंग बघायला मी असेनच असं नाही. म्हणून तुमच्या डोळ्यांवर विसंबतोय.

इब्राहिम, थोडा थांब. आणतो.

लवकर कळवा.