तीन नंबरचं टोकन

कॉम्प्युटरमध्ये भुतं नसतात, हे लोकांना पटवून देण्याचा मी पगार घेतो. पुण्यातल्या एका कंपनीत बारा वर्षं हेच करतो आहे. माणसं घाबऱ्या आवाजात फोन करतात, आपोआप उघडलं म्हणतात, आपोआप बंद झालं म्हणतात, आणि शेवटी कुणीतरी कुठलं तरी बटण दाबलेलं निघतं. त्यामुळे नागपूरला बेसातल्या आमच्या घरी, बाबांच्या कॉम्प्युटरसमोर, भर सकाळी माझ्या तळहातांना घाम सुटला तेव्हा मला स्वतःचाच संताप आला.

बाबा जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. पुण्याहून मी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याआधीची दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. पूर्वी दर रविवारी दहाला ते व्हिडिओ कॉल लावायचे. कंपनीने मला नागपूरला बदली देऊ केली आणि मी ती घरी न विचारता नाकारली. बाबांना ते आईकडून कळलं. कॉलवर ते एवढंच म्हणाले, "एकदा विचाराचं तरी." मी म्हणालो, "तुम्हाला काय विचारायचं? जन्मभर दुसऱ्यांची हत्यारं मोजत बसलात तुम्ही." हिंगण्याच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं टूल रूम सांभाळली होती. त्यांनी मान हलवली आणि पडद्याबाहेर गेले. पुढच्या रविवारी मी कॉल घेतला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी घेतला नाही. मग कॉल यायचे थांबले. आईशी तिच्या मोबाईलवर बोलायचो तेव्हा मागे कधीतरी त्यांचा खोकला ऐकू यायचा.

ते गेल्यावर मी घरूनच काम करण्याची परवानगी घेतली आणि बेसाला येऊन राहिलो. आईला एकदाच धीर करून विचारलं, "बाबा माझ्यावर रागावून गेले का?" ती म्हणाली, "चहा घेतं का?" मला त्या एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं आणि ते देणारा माणूस घरात उरला नव्हता.

निवृत्तीनंतर बाबांनी कॉम्प्युटरवर स्वतःच डॉक बसवला होता. डॉक म्हणजे पडद्याच्या तळाशी असणारी चित्रांची पट्टी. माउस नेला की चित्र फुगतं, दाबलं की तो प्रोग्रॅम उघडतो. आईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून त्यांनी एकेक चित्र स्वतः काढलं होतं. सकाळच्या वंदनेसाठी कमळ, बातम्यांसाठी पेपराची घडी, फोटोंसाठी कॅमेरा, लाइटच्या बिलासाठी बल्ब. चित्रं बेतास बात होती, पण अंतरं मोजून मापून ठेवलेली.

पाचव्या जागी एक पिवळट चकती होती. वर बारीक भोक, मधे तीनचा आकडा. दाबली तर काही उघडत नव्हतं. मी ठरवून टाकलं की हा कुठल्या तरी काढून टाकलेल्या प्रोग्रॅमचा अवशेष आहे आणि फोनवर दिसतात तसे न वाचलेले तीन निरोप दाखवतो आहे. मोडकं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. चकती काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत तिथंच होती. वाटलं, काढायची राहिली असेल. पुन्हा काढली, या वेळी नीट बघून. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाचव्या जागी, तीनचा आकडा घेऊन हजर.

मग मी इरेला पेटलो. व्हायरस शोधला, नव्हता. कॉम्प्युटरबरोबर आपोआप काय काय सुरू होतं त्याची यादी तपासली. माउस जवळ गेला की पट्टी खालून वर सरकायची, ते मला बघवेना, म्हणून ती कायम उघडी राहील असं केलं. शेवटी अख्खा डॉकच काढून नव्याने बसवला. पट्टी उमटली ती जशीच्या तशी, कमळ, पेपर, कॅमेरा, बल्ब आणि चकती. मी खुर्चीवरून उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोरच्या नव्या इमारतीचं सेंट्रिंग चाललं होतं, माणसं आरामात ओरडत होती. मला भीती वाटत होती, खरंच. बाबांना मला काहीतरी सुनवायचं आहे आणि मी ऐकेपर्यंत ते सोडणार नाहीत, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

आई मात्र शांत होती. "राहू दे न ते," म्हणाली. "त्यायले कोनी हात लावलेला चालत नाई."

चालत नाही, म्हणाली ती. चालत नव्हता, म्हणाली नाही. त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही.

कारण सापडलं ते अगदीच साधं निघालं. हा डॉक आपल्यातले बदल एका फाईलमध्ये लिहून ठेवतो, पण फक्त रीतसर बंद केला तर. आणि आई रोज दुपारी जेवणं झाली की भिंतीवरच्या बोर्डाचं बटण दाबून अख्खा कॉम्प्युटर मारून टाकायची. मी केलेला बदल लिहिला जायच्या आधीच जायचा आणि सकाळी जुनी फाईल उघडायची. प्रोग्रॅम काढला तरी ती फाईल मागे राहते, म्हणून नव्या डॉकलाही चकती मिळाली. मी हे सगळं आईला विजयी सुरात समजावलं. तिने ऐकून घेतलं. मी चकती काढली, तिचं चित्रही कायमचं पुसलं, डॉक रीतसर बंद केला. सकाळी पाहिलं तर पट्टीवर चारच चित्रं होती. खुशीत मी तर्री-पोह्यांची दुसरी बशी घेतली.

आई वंदना लावायला आली आणि माउस धरून थांबली.

"इथचं टोकन कुठी गेलं?"

"कसलं टोकन?"

"तुह्या बाबाच्या टूल रूममंदी नाई का? कोनी हत्यार नेलं की त्या हत्याराच्या रिकाम्या खिळ्यावर त्याचं टोकन टांगत. पितळेचं. ज्यानं नेलं त्याचा नंबर."

हे मला माहीत होतं. नंबरही माहीत होते. आमच्या घरात डब्यांवरसुद्धा बाबांनी रंगाने नंबर घातले होते. एक त्यांचा, दोन आईचा, तीन माझा. शाळेत मुलं त्यावरून चिडवायची. चाळिशीला आलो आणि आपलाच नंबर न वाचलेले निरोप समजून पुसून टाकला.

"त्या जागी आधी काय होतं?" मी विचारलं.

"तुह्या रविवारचा कॉल. तू घेनं बंद केलं, मंग त्यायनं ते चित्र काढून टाकलं आन् हे लावलं. म्या म्हटलं, काहून काढता? तं म्हने, हत्यार बाहेर गेलं आहे. पोराजवळ आहे."

"रागाने म्हणाले?"

"राग कायचा? टोकन टांगलं म्हनजे हरवलं नाई न. ज्यानं नेलं तो आनून देनार आहे. म्या म्हटलं, त्या जागी मले जुनी गानी लावून द्या. नाई म्हनत. त्या खिळ्यावर दुसरं काई लावाचं नाई."

तिने कमळावर माउस नेला, पण दाबला नाही.

"दहाले बसत दर रविवारी," ती म्हणाली. "हे सुरू करून. चहा इथंच मांगत. म्या म्हटलं, चित्र तं काढून टाकलं, आता काय पाहून राहिले? तं म्हने, चित्र नसलं तरी त्यानं लावला तं वाजते."

दोन वर्षं मी त्यांच्या रागासाठी उत्तरं तयार करून ठेवली होती. काही उद्धट होती, काही चांगली होती, एक तर माफीचं होतं. त्यातलं एकही कामाचं नव्हतं, कारण ते रागावलेलेच नव्हते. दर रविवारी दहा वाजता ते या खुर्चीत बसलेले असायचे. आणि त्या वेळी मी पुण्यात रिकामाच असायचो, फोन हातातच असायचा.