मास्तरांनी सैल केलेलं घर

गल्लीच्या तोंडाशी शिलाईचं दुकान, समोर बर्गरचं. समोरच्याने तळावं आणि टेलरमास्तरांनी उसवावं, असा दोघांचा धंदा मजेत चालला होता. "तो भरतो, मी सोडतो," मास्तर गिऱ्हाइकाला डोळा मारून सांगायचे. कमरा सैल करून देण्यापुढे नवं कापड कापायला कात्रीला उसंतच नसायची.

घरीही तोच प्रकार. सूनबाई कामावरून येताना समोरचेच डबे घेऊन यायची. गॅस बंद, मंडळी खूश. कुणाचा कपडा घट्ट होतोय असं दिसलं, की मास्तर शिवणीत राखलेली जादा कापडाची माया गुपचूप सोडायचे आणि कपडा होता तिथे ठेवायचे. बायकोचा गाऊन, मुलाची पँट, नातीचा फ्रॉक. उगाच कुणाचं मन कशाला दुखवा? त्यामुळे त्या घरात कधी कुणी जाड झालंच नाही! जिना तेवढा दरवर्षी उंच होत चालला होता.

मग चौथीतल्या नातीला शाळेच्या नाटकात पक्षी व्हायचं होतं. मास्तरांनी कौतुकाने तिच्या कमरेभोवती टेप फिरवली आणि चश्मा पुसून आकडा पाहिला. टेप उलटी तर नाही ना धरली? पुन्हा घेतली. तेच.

"अगं, इकडे ये," त्यांनी बायकोला हाक मारली. "आपल्या लग्नात तुझं माप किती होतं, आठवतं?"

"आता काय मेलं त्याचं? वजा करणार आहात?"

"पोरीने ते ओलांडलं."

बायकोने टेप ओढून घेतली.

नातीला वेगळीच काळजी. "आजोबा, पंख शिवाल ना? बाई म्हणतात, तुला धाप लागते, तू झाड हो. झाडाला पळावं लागत नाही."

झाड! मास्तरांची नजर तिच्या फ्रॉकच्या सोडलेल्या शिवणीवर गेली.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं होताच त्यांनी सगळ्यांचे कपडे कपाटातून काढले आणि एकेक शिवण पहिल्या मापावर आणली. स्वतःचीही सोडली नाही. सुट्टीच्या सकाळी घरात एकच हलकल्लोळ!

"आई, धुण्याच्या मशीनने कपडे आटवले!" मुलगा ओरडला. पँट मांडीवरच अडकली होती.

"माझाही कुर्ता गेला!" सूनबाई आतून किंचाळली.

"काही आटलं नाही," मास्तर दोन्ही मुठींत आपली पँट धरून उभे. "हे तुमचं खरं माप. मीच मूर्ख, इतकी वर्षं सोडत बसलो."

मुलगा हबकून खुर्चीत टेकला, तर शर्टाचं बटण टणकन उडून कालच्या डब्यावर आदळलं.

"मग आज डबे कोण आणणार?" नातीने विचारलं. "कुणाला बाहेरच पडता येत नाहीये."

सूनबाईने तिच्याकडे नीट पाहिलं, चादर गुंडाळली आणि मुकाट्याने गॅस पेटवला.

त्या संध्याकाळी बर्गरवाल्याच्या हातातला झारा तसाच राहिला. गल्लीतून कापडी पंख पसरून नात पळत होती, दर चार पावलांवर थांबत होती, आणि मागून एका हाताने पँट सावरत, धापा टाकत मास्तर.

"मास्तर, अहो कुठे?"

"पक्षी पकडायला!"